बल्लीवरचा केशरी पडदा

२००७ साली पश्चिम कामेंगमधल्या एका चौकीवर मी कॅप्टन होतो. ढग बंकरात शिरून चहाच्या मगाशी बसायचे, असला पाऊस. छप्पर ओकच्या सालीसकट बल्ल्यांचं, वर माती. एका बल्लीच्या बाहेर आलेल्या टोकाला बुरशीच्या पातळ, लाटदार पापड्या फुटल्या होत्या. वरून केसाळ, पट्ट्यापट्ट्यांच्या. खालून गुळगुळीत, केशरी. दिसायला सुंदर, खरं सांगतो.

आमचा हवालदार गडहिंग्लजकडचा, घरात सुतारकी. त्यानं बल्लीवर दगड ठोकून पाहिला. "साहेब, ही बदलाय पायजे. आतनं गेलीया."

"वरवरची आहे. खरवडून घ्या." माझ्याकडे कामांची यादी लांब होती. त्यानं खरवडली. हुकूम तो हुकूम.

तीन आठवड्यांनी मध्यरात्री ती बल्ली मोडली. खाली झोपलेल्या पोराचं हासळीचं हाड मोडलं. डोकं वितीभर अंतरानं वाचलं. चौकशीत मी हवालदाराचं वाक्य आणि माझं उत्तर, दोन्ही लिहून दिलं. मग त्यानं एकेक बल्ली ठोकली. अकरा बदलल्या. त्यातल्या चारांवर बाहेरून काहीच नव्हतं.

खरवडल्या जागी पापडी पुन्हा फुटली होती. ती काडेपेटीत घालून बहिणीला पाठवली. ती पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचं पत्र चार पानी, त्यातलं पहिलं पानभर मला झापलेलं.

"दादा, हे स्टेरियम हिर्सुटम. जगभर, मेलेल्या रुंदपर्णी लाकडावर. तू पाहिलंस ते नुसतं फळ. बुरशीचे धागे आत लाकूड खात असतात. लिग्निनसुद्धा पचवतात, म्हणून लाकूड पांढुरकं, मऊ होतं." अशीच पट्टेदार दिसणारी ट्रॅमेटिस व्हर्सिकलर असती, तर खालच्या बाजूला बारीक छिद्रं दिसली असती. हिची खालची बाजू सपाट.

विल्डेनोनं १७८७ मध्ये हिला थेलेफोरा वंशात घातलं, पर्सूननं १८०० मध्ये स्टेरियममध्ये. स्टेरियम म्हणजे टणक, हिर्सुटम म्हणजे केसाळ. तेव्हा वर्गवारी डोळ्यांनी व्हायची: पडदे असलेल्या एकीकडे, छिद्रांच्या दुसरीकडे, सपाट तिसरीकडे. डीएनए आल्यावर ही सपाट पापडी थेट रुसुलेलिस गणात गेली, म्हणजे पडदेवाल्या, छत्रीसारख्या रुसुलांच्या भाऊबंदकीत. खूण आधीपासून होती म्हणे: दोघींचे बीजाणू आयोडीनच्या द्रावणात निळसर-काळे पडतात. (आमच्या पलटणीतही एका आडनावाचे, पण तोंडवळ्यानं मुळीच न जुळणारे दोन चुलतभाऊ होते. ते मात्र भांडायचे.)

हे सगळं मी हवालदाराला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन् स्टोअरच्या बल्ल्या कवा ठोकायच्या, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दगड घेऊन स्टोअरवर गेलो.

ते पोरगं पुढे स्वतः हवालदार होऊन निवृत्त झालं. पावसाळा लागला की खांदा धरतो, असं परवा फोनवर म्हणत होतं.