पाणी घ्या, पाणी!

आम्ही माधवनगरकर धावतो ते फक्त एस.टी.मागं. तरी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मी दरवर्षी हजर! 2012 साली सुरू झालेली ही शर्यत 21 किलोमीटरची. यवतेश्वरचा घाट चढून जायचं, अन् तोच उतरून यायचं. माझं काम पाण्याचे पेले पुढं करण्याचं. पहिले गडी पेला हिसकावतात, तोंडही बघत नाहीत. शेवटचे मात्र थांबतात. "काका, चढ किती राहिला?" "संपलाच की!" आम्ही बिनदिक्कत ठोकून देतो. सातारा जिल्ह्याच्या ललिता बाबरनं 2016 साली रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, ती साऱ्या जगानं पाहिली. ह्या शेवटच्यांना बघायला कोण? म्हणून शेवटचा गडी पाणी पिऊन जाईपर्यंत आपलं टेबल हलत नाही.