बाराव्या मुलीची पाळी

शाळेच्या खो-खो संघात बारा मुली असतात. मैदानात उतरतात नऊ, तीन राखीव. पण डोंबिवलीत मुलींना हा खेळ शिकवताना मला दिसत आलं आहे की त्या नऊ जणींनाही खेळ सारखा मिळत नाही. संरक्षणाला, म्हणजे पळतीला, तिघी-तिघींची तुकडी जाते. चौदा वर्षांखालच्या मुलींची पाळी सात मिनिटांची. पहिली तुकडी चपळ असेल तर चार मिनिटं सहज काढते, दुसरी उरलेला वेळ काढते, आणि तिसऱ्या तुकडीच्या मुली रेषेबाहेर ताटकळत असतानाच शिट्टी वाजते. आक्रमणातही तेच. खांबाजवळची मुलगी सूर मारून गडी टिपते, तिचं नाव गुणलेखकाच्या कागदावर चढतं. मधल्या चौकोनातली मुलगी उठते, चार पावलं धावते, खो देते आणि पुन्हा बसते. कागदावर मात्र दोघीही सारख्याच ‘खेळल्या’.

मी स्वतः कल्याणच्या एका शाळेत राखीव खेळाडू होते. सगळ्यांबरोबर मैदानाला फेऱ्या मारायच्या, पाठीवर क्रमांक लावायचा आणि मग बाटल्या, पिशव्या, कानातली, घड्याळं सांभाळत बसायचं. आमचे सर मनानं वाईट नव्हते. शाळेला ढाल हवी होती आणि ती आणायची जबाबदारी त्यांच्यावर होती. दहावी झाली, शाळा सुटली, पण सामन्यातली पळती कशी असते ते मला कळलंच नाही. कळलं ते कॉलेजात, आणि तेही तिथे नऊ मुली जमवताना मारामार होती म्हणून. पहिल्यांदा पाठलाग अंगावर आला तेव्हा समजलं की सरावात शिकलेली प्रत्येक गोष्ट इथे वेगळी लागते. श्वास वेगळा, अंदाज वेगळा. हे बाकावर बसून शिकता येत नाही.

शिट्टी माझ्या हातात आली तेव्हा ठरवलं : चौदा वर्षांखाली, महापालिका पातळीवर, बाराही जणी खेळतील. अट एकच, सरावाला यायचं. पावसाळ्यात मैदान चिखलानं भरलेलं असलं तरी यायचं. जी येते ती खेळते. सामन्यागणिक नऊ जणी बदलायच्या आणि प्रत्येक तुकडीत एक पक्की, दोन नव्या अशी मांडणी करायची. पळतीचा क्रम सामन्याआधी गुणलेखकाकडे द्यावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी माझाही धीर सुटायची सोय नाही.

याची किंमत असते. तीन उत्तम मुली एका तुकडीत ठेवल्या तर त्या मिळून जेवढा वेळ काढतात, तेवढा त्या तीन तुकड्यांत विखुरल्यावर निघत नाही. एका वर्षी उपांत्य सामन्यात आम्ही एका गुणानं हरलो. बाद झालेल्यांत दोन नव्या मुली होत्या. आमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची आई मैदानातच मला म्हणाली, “बाई, माझी मुलगी पहाटे पाचला उठते. दुसऱ्यांना शिकवायला तिनं का हरायचं?” या प्रश्नाला मी कधी हलकं मानलं नाही. राज्य पातळीपर्यंत पोचलं तर दहावीला क्रीडागुण मिळतात, हेही त्या बाईंच्या मनात होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यांना मी सांगितलं की सतरा वर्षांखालच्या गटात मी हे करत नाही. तिथे जी सरस ती खेळेल. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलींत कोण सरस ठरणार हे मलाच काय, कुणालाच सांगता येत नाही. या वयात एका सुट्टीत मुलगी वीतभर वाढते. जूनमधली धांदरट मुलगी डिसेंबरात हाती लागत नाही. तोवर तिला बसवून ठेवलं तर ती डिसेंबरात मैदानावर असेलच कशाला? क्लास लागलेला असतो, घरचेही म्हणतात, नाहीतरी खेळायला मिळत नाही ना, मग सोड.

कल्याणकर म्हणून एक गोष्ट इथे मांडावीशी वाटते. ४ आणि ५ जानेवारी २०१६ला आमच्या कल्याणात, भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात, प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, ३२७ चेंडू, आणि १८९९पासून टिकून असलेला ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली आणि अजूनही होते. त्या मुलाच्या दमाला तोड नाही. पण त्याच्या संघानं डाव सोडला ३ बाद १४६५वर. म्हणजे फलंदाजीला उतरले पाचच जण, सहा मुलं थांबून राहिली. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. विक्रमाची बातमी जगभर गेली. मी मात्र त्या अकरा जणांच्या यादीकडे शिक्षिकेच्या नजरेनं बघते आणि त्या सहा जणांपाशी अडते.

दोष प्रशिक्षकांचा म्हणावा तर तेही पुरतं खरं नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. एक सामना हरलात की वर्ष संपलं. महापालिकेतून विभागात, विभागातून राज्यात अशी शिडी, आणि पहिल्याच पायरीवर घसरायची भीती. अशा वेळी नव्या मुलीला उतरवायला शिक्षक कचरणारच, आणि वरून मुख्याध्यापकांचा फोन असतो तो वेगळाच. चाळीत किंवा सोसायटीत खेळताना मुलं लहानग्याला कच्चं लिंबू म्हणून तरी घेतात, घरी धाडत नाहीत. आपण मोठ्यांनी आखलेल्या स्पर्धेत तेवढीही सोय नाही.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्यानंतर सरावाला पाठवायला स्वतःहून विचारणारे पालक मला भेटले. पूर्वी मलाच घरोघर जावं लागे. एवढ्या मुली येत असताना त्यांतल्या निम्म्या राखीव म्हणून परत पाठवणं मला पटत नाही.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या संयोजकांना आणि माझ्या क्रीडाशिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती आहे. चौदा वर्षांखालची पहिली फेरी तरी गटवार साखळी पद्धतीनं घ्या, म्हणजे एका पराभवानं संघ घरी जाणार नाही. आणि प्रवेशिकेवर जिचं नाव आहे तिला स्पर्धेत किमान एकदा पळतीला उतरवलंच पाहिजे, असा एका ओळीचा नियम पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात घाला.