माशीला गडगा कळत नाही

मे महिना अर्धा सरला आणि वळवाचा एखादा शिंतोडा येऊन गेला की आमच्या बागेत पडे वाढतात. पडलेला आंबा हातात घेतला तर वरून धड दिसतो. सालीवर सुईच्या टोकाएवढा एखादा ठिपका असतो, बाजूने हलकंसं दाबलं की तिथून रस येतो. असा आंबा कापला की गरात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. वर्षभर जपलेल्या फळाची ही अवस्था पाहिली की जीव कळवळतो. मोहोर तुडतुड्यांपासून वाचवायचा, कणी टिकवायची, उन्हात भाजणारी फळं सांभाळायची आणि तोंडाशी आलेला घास माशीने न्यायचा.

आमची कलमं रत्नागिरी तालुक्यात, समुद्राकडच्या कातळावर. लग्न होऊन आले तेव्हा बागेचं सगळं सासरे बघायचे. त्यांच्या हाताखाली मी फळ कधी तयार होतं हे ओळखायला शिकले, आढी घालायला शिकले, पुढे हिशेबही माझ्याकडे आला. त्यांच्या काळी अळीच्या आंब्याचं कुणी फार मनावर घेत नसे. शेवटच्या आंब्यात अळी असायचीच, तो आंबा रसाला किंवा गुरांना जायचा. पण आम्ही पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पाठवू लागलो, तेव्हा गोष्ट बदलली. एका मे महिन्यात पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने आंब्याची फोड तोंडात घातली आणि तिच्यात अळी निघाली. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता तो आंब्याला हात लावत नाही हो." ते वाक्य मला कोणत्याही भांडणापेक्षा जास्त लागलं.

पुष्कळ लोक साका आणि अळी यांत गल्लत करतात. साका हा हापूसच्या गराचा आतला बिघाड आहे, त्यात कोणताही किडा नसतो. अळी मात्र फळमाशीची. घरात घोंघावणारी माशी ही नव्हे. फळमाशी तपकिरी-पिवळसर, पारदर्शक पंखांची आणि दिसायला नाजूक असते. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. पक्व होत आलेल्या फळाची साल टोचून ती आत अंडी घालते. अंडी दोन-तीन दिवसांत उबतात, अळ्या गर खातात, फळ गळून पडतं आणि पूर्ण वाढलेली अळी बाहेर येऊन चक्क उड्या मारत मातीत शिरते. मातीत तिचा कोष होतो आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते. अळी एकदा गरात गेली की वरून कितीही फवारलं तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय तोडणीच्या तोंडावर फवारणी केली तर तेच विष खाणाऱ्याच्या ताटात जातं. म्हणून या किडीला फळाबाहेरच गाठावं लागतं.

ही माशी किती दूरवर नुकसान करते ते 2014 मध्ये सगळ्या कोकणाला कळलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळा-भाज्यांच्या 207 खेपांत युरोपला फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. त्यामुळे 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. वांगी, कारली, पडवळ आणि अळूही त्यासोबत थांबले. आंब्यावरची बंदी 2015 च्या जानेवारीत उठली, तीही निर्यातीआधी गरम पाण्याची प्रक्रिया आणि तपासणी यांची शिस्त बसल्यावर. आमचा आंबा कधी युरोपला गेला नव्हता, तरी त्या मे महिन्यात बाजाराचा सूर उतरलेला आम्हालाही जाणवला.

गंधाच्या सापळ्याशी माझी खरी ओळख झाली ती गावातल्या शेतकरी मेळाव्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक सापळा' तयार केलेला आहे. भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत मिथाइल युजेनॉल लावलेला लाकडी ठोकळा टांगलेला असतो. हेक्टरी चार सापळे, झाडाच्या खालच्या फांदीवर, सावलीत लावायचे, अशी शिफारस. तिथल्या तज्ज्ञांनी बरणीचं झाकण उघडलं तेव्हा लवंगेच्या जवळ जाणारा गोडसर वास आला. तुळशीत आणि इतर अनेक वनस्पतींत हेच द्रव्य कमी-अधिक असतं.

या वासाचा शोध आपल्याच देशात लागला हे मला तेव्हा कळलं आणि मग मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हॉवलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. डास दूर राहावेत म्हणून त्यांच्या एका शेजाऱ्याने सिट्रोनेला तेल वापरलं, तर त्यावर फळमाशा जमल्या. हॉवलेटने जवळून पाहिलं, तर सगळे नर. 1912 मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि 1915 पर्यंत त्या तेलातलं नेमकं द्रव्य, म्हणजे मिथाइल युजेनॉल, दाखवून दिलं.

नरच का येतात, याचं उत्तर पुढच्या संशोधकांनी दिलं. नर हे द्रव्य चाटून खातो, शरीरात त्याचं रूपांतर करतो आणि पोटाच्या मागच्या ग्रंथीत साठवतो. संध्याकाळी, मीलनाच्या वेळी, तोच साठा गंध होऊन मादीला बोलावतो. मिथाइल युजेनॉल खाल्लेल्या नराला जोडीदारीण मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून तो या वासापाठी अर्धा-पाऊण किलोमीटर अंतरावरूनही येतो. यातून बागायतदाराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. सापळ्यात येणारा नर तिथेच मेला पाहिजे. ठोकळ्यावरचं कीटकनाशक संपलं असेल किंवा तळाशी पाणी ठेवायच्या सापळ्यातलं पाणी आटलं असेल, तर नर येतो, पोटभर खातो आणि अधिक ताकदीने उडून जातो. अशी बरणी माशीला मदतच करते.

सुरुवातीला आम्ही द्रवरूप औषध वापरलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये कातळ इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. त्या उष्म्यात ठोकळ्यावरचं द्रव भराभर उडून जायचं. पहिले काही दिवस बरणीत माशांचा खच पडायचा, मग गर्दी ओसरायची. माशी कमी झाली की वासच संपला, हे कळायला मार्ग नसे. ऐन माशीच्या दिवसांत, मेच्या उत्तरार्धात, सापळे फिके पडत. तोडणीची घाई, पेट्या भरायची घाई, त्यात प्रत्येक झाडाखाली जाऊन पुन्हा औषध लावायला माणूस मिळत नसे.

जेल हाती आल्यावर हा प्रश्न बराच सुटला. जेलमध्ये तेच मिथाइल युजेनॉल असतं, पण ते घट्ट जाळीत अडकलेलं असतं. आठळीभोवतीच्या रेषांनी गर धरून ठेवावा तसं ते तंतूंच्या जाळ्यात धरलेलं असतं आणि हळूहळू बाहेर येतं. या विषयावरचं एक महत्त्वाचं काम बंगळूरला झालं आहे. भारतीय विज्ञान संस्थेतले सुमन सामंता व शंतनू भट्टाचार्य आणि शेतीशी संबंधित कीटकांवर काम करणाऱ्या तिथल्याच राष्ट्रीय संस्थेतल्या दीपा भगत यांनी मिथाइल युजेनॉलचं नॅनोजेल तयार केलं, पेरूच्या बागेत तपासलं आणि 2013 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. उघड्या हवेत द्रव्य सावकाश उडतं, शीतपेटीशिवाय ते हाताळता येतं आणि सापळ्यात वारंवार भर घालावी लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. आम्ही दुकानातून आणतो ते जेल साधं असतं, पण तत्त्व तेच. बरणीतल्या छोट्या वाटीत ते लावायचं. बागेत आमचा नेपाळी राखणदार आहे, तो आता नुसत्या वासावरून सांगतो, "काकी, यातलं संपत आलं." त्याच्या नाकावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही बरणीवर तारीख लिहायचा नियम मी घातला आहे. तारेला ग्रीस लावतो, नाहीतर लाल मुंग्या उतरून मेलेल्या माशा ओढून नेतात आणि किती माशा आल्या त्याचा अंदाज चुकतो.

जेल हाताळताना हातमोजे हवेतच. मिथाइल युजेनॉल माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये केलं आहे. तुळशीत सापडतं म्हणून ते बोटाने चोळायचं नसतं. जेल लावलेला हात फळाला लावायचा नाही, डबा लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवायचा नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाडीतल्या एका काकींमुळे सगळ्यांना समजली. पावसाळ्यात त्यांच्या मांडवावर कारली, दोडकी आणि पडवळ असतात. त्यांनी आंब्याचा सापळा मांडवात लावला. दोडकी किडतच राहिली. वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी वेगळी, तिच्या नराला मिथाइल युजेनॉलचं आकर्षण नाही. त्याला क्यू-ल्युअर नावाचं दुसरं द्रव्य लागतं. दुकानात जाताना पीक सांगून मागायचं, हे तेव्हापासून वाडीत पाठ झालं.

इतकं सगळं करूनही आमचा आंबा पूर्ण सुटत नव्हता. बरण्या माशांनी भरायच्या आणि तरी पड्यांत अळी निघायची. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या गडग्याला लागून एक बाग आहे. मालक मुंबईला, घराला कुलूप. शेवटचा आंबा तिथे झाडाखालीच कुजायचा. त्या पड्यांतून निघालेल्या अळ्या तिथल्याच मातीत कोष करायच्या आणि मीलन झालेल्या माद्या आमच्या फळांवर यायच्या. गंधसापळा मादीला ओढत नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे जवळजवळ सगळे नर मारले, तेही मोठ्या टापूत, तरच माद्या वांझ अंडी घालतात. एकट्या बागेतला सापळा माशी आली आहे हे सांगतो आणि थोडा भार हलका करतो, एवढंच त्याचं काम.

मोठ्या टापूत काय होतं याची साक्ष जगात आहे. प्रशांत महासागरातल्या रोटा या छोट्या बेटावर 1960 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले चौकोनी तुकडे विमानातून टाकले. हीच फळमाशी तिथून नाहीशी झाली. जपानने ओकिनावाच्या बेटांवर बेटामागून बेट घेत हाच मार्ग वापरला आणि 1986 पर्यंत ती संपवली. जपानी निरीक्षक आपल्या आंब्याकडे इतक्या कडक नजरेने का पाहतात, ते हे वाचल्यावर मला पटलं. ज्यांनी एवढ्या कष्टाने माशी घालवली, ते एका पेटीतून ती परत कशी येऊ देतील? आपल्या आंब्याला जपानचं दार 2006 मध्ये पुन्हा उघडलं, तेही वाफेच्या प्रक्रियेच्या अटीवर.

कोकण म्हणजे बेट नव्हे. इथे आंबा संपला की माशीला पेरू, जाम, चिकू आहेतच. त्यामुळे ती समूळ जाईल असं मी कुणाला सांगत नाही. पण वाडी एक होऊ शकते. आम्ही देवळात बसलो, बोललो. मुंबईच्या मालकांना फोन केले. एकजण म्हणाले, "वहिनी, सापळे तुम्हीच लावा, पैसे मी पाठवतो." दुसऱ्यांनी पडे उचलायला माणूस ठेवायची परवानगी दिली. आता फळ पक्व व्हायच्या आधीच, साधारण एकाच सुमारास, सगळ्या बागांत बरण्या लागतात. पडे रोजच्या रोज उचलले जातात. खोल खड्ड्यात पुरतो किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवतो, आतल्या अळ्या उष्म्याने मरतात. कलमांखालची माती हलवतो, म्हणजे कोष उघडे पडतात. आंबा पिकायच्या आत, वेळेवर काढतो.

फरक पडला. शेवटच्या तोडीतले पडे कापून बघितले तर पूर्वीपेक्षा कितीतरी कमी अळी निघते. ज्या वर्षी एखाद्या बागेने हात आखडता घेतला, त्या वर्षी तिच्या शेजारच्या कलमांवर ते लगेच दिसलं. यात श्रेय एकट्या जेलचं नाही आणि एकट्या माझं तर नाहीच. जेलने आमच्या हाताचं काम कमी केलं, पण पडे उचलणारे हात वाडीचेच होते.

म्हणून माझं बागायतदारांना कळकळीचं सांगणं आहे. यंदा सापळे विकत घ्याल तेव्हा दोन बरण्या शेजाऱ्यासाठीही घ्या. त्याची बाग बंद असेल तर त्याला फोन करा. पिकाप्रमाणे योग्य गंध मागा, तारीख लिहा, हातमोजे घाला. आणि बरणी कितीही भरली तरी झाडाखालचा पडा उचलल्याशिवाय घरी जाऊ नका.