पाव पाव फेरा

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे कॅमशाफ्टला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मामाच्या गॅरेजमध्येही कुणाला ठाऊक नाही! सुट्टीत तिथे एक टॅक्सी आली होती. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ट्विन कॅम. एका कॅमचा लोब पार घासलेला. टॅक्सीवाला दोन दिवस भाड्याविना बाकड्यावर बसून. "लवकर उघडा हो," एवढंच त्याचं पालुपद.

पण घाई नको ती नेमकी उघडतानाच. टायमिंगच्या खुणा जुळवून चेन उतरवली, तरी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा खालून कॅमला वर ढकलतच असतात. एका बाजूच्या बेअरिंग कॅप्स आधी पूर्ण सोडल्या, तर शाफ्ट तिरका उचलतो. बिडाचा असेल तर चक्क मोडतो. म्हणून मामा टोकांकडून मधे येत प्रत्येक बोल्ट पाव फेराच सोडायचा. पुन्हा पाव, पुन्हा पाव... थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर याहून लवकर संपतं!

कॅप्स मी नंबराने ओळीत मांडल्या. त्यांची अदलाबदल चालत नाही. नवा कॅम भरपूर तेल लावून बसवला. बोल्ट आता मधून टोकांकडे, तसेच थोडे थोडे आवळले, शेवटी टॉर्क रेंचने. चेन चढली. तरीही मामाने स्टार्टर मारू दिला नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून म्हणाला, "हाताने फिरव, पूर्ण दोन फेरे. अडलं तर जोर लावू नकोस, पिस्टन व्हॉल्व्हला लागतोय समज."

क्रँकचे दोन, म्हणजे कॅमचा एक. टॅक्सीवाला उठून माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. पाना कुठेच अडला नाही.