मुक्काम पोस्ट सर्वत्र

माणूस म्हटला की पत्ता आला. रेशनकार्डावर पत्ता, लग्नपत्रिकेवर पत्ता. गॅसवाल्याला तर आपला पत्ता तोंडपाठ असतो, फक्त सिलिंडर आणायच्या वेळी तो आठवत नाही. आपला देव तसा चराचरात भरलेला आहे, पण भेटीगाठींसाठी त्यानंही पत्त्याची सोय ठेवली आहे. विठोबा पंढरपूरला, खंडोबा जेजुरीला. जाऊन यावं, प्रसाद आणावा, शेजाऱ्यांना वाटावा.

ख्रिस्ती मंडळींचा देव या बाबतीत भारी अवघड. कुठं राहतो म्हणून विचारावं, तर उत्तर एकच : सगळीकडे! मग चर्च कशाला? तर ते आपल्यासाठी, त्याच्यासाठी नव्हे. त्यांच्या बायबलात शलमोन राजाची गोष्ट आहे. या राजानं सात वर्षं खपून जेरुसलेमला देऊळ बांधलं आणि उद्‌घाटनाच्या प्रार्थनेतच कबूल करून टाकलं की, देवा, तू आकाशातसुद्धा मावत नाहीस, तिथं या घराची काय कथा! वास्तुशांतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर यजमानानंच ‘जागा अंमळ लहान पडते’ म्हणावं, त्यातलाच हा प्रकार.

सगळीकडे असणाऱ्या देवाची पहिली अडचण म्हणजे लपायची पंचाईत. दोन खोल्यांत सात माणसं, अशा गिरगावातल्या चाळीत वाढल्यामुळे ही अडचण मला फोड करून सांगावी लागत नाही. आदमाची गोष्ट घ्या. अख्ख्या बागेत माणसं दोन, झाडं भरपूर. नको ते फळ खाल्ल्यावर हा गृहस्थ बायकोसह झाडांत दडून बसला. देवानं हाक मारली, कुठं आहेस? आता, जो सगळीकडे आहे त्याला हे ठाऊक नसेल? पण ‘डब्यातले लाडू कुणी संपवले?’ हे आई काय माहिती मिळवायला विचारते? पोराच्या मिशीवरचं बेसन तिला दिसतच असतं. पोरानं आपण होऊन बाहेर यावं, म्हणून ते विचारणं असतं.

योना नावाच्या संदेष्ट्याची तऱ्हा तर अस्सल सरकारी नोकराची. बदली झाली निनवेला आणि हा निघाला उलट दिशेला, तार्शीशला. रीतसर भाडं भरून जहाजात चढला आणि तळाशी जाऊन झोपला. मग वादळ झालं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं आणि मोठ्या माशानं गिळलं. तीन दिवस मुक्काम माशाच्या पोटात. इथं तरी साहेबांची नजर पोचणार नाही, असं कुणालाही वाटेल. पण योनानं तिथूनच प्रार्थना केली आणि ती ऐकूही गेली. शेवटी स्वारी निनवेला हजर झालीच. भाडं परत मिळाल्याचा उल्लेख नाही.

पंडितांनी यावर डोकी खाजवली नसती तरच नवल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानं या विषयाची शिस्तवार मांडणी केली. देव सर्वत्र आहे तो तीन परींनी : सत्तेनं, नजरेनं आणि प्रत्यक्ष असण्यानं. आपल्या कलेक्टरसाहेबांवरून हे झटकन कळतं. त्यांची सत्ता जिल्हाभर असते, नजर कचेरीपुरती असते आणि देह एका खुर्चीपुरता. तोही नशीब असेल तर. देवाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकदम आणि सगळीकडे. मात्र टेबलात देव आहे म्हणून टेबल देव होत नाही, बरं का! सूर्य आहे तोवर हवेत उजेड असतो, पण हवा म्हणजे सूर्य नव्हे. तशी प्रत्येक वस्तू त्याच्यामुळे टिकून आहे, असा हा सिद्धान्त.

आम्हां प्रपंची माणसांना मात्र सिद्धान्तापेक्षा ब्रदर लॉरेन्स जवळचा. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गृहस्थ. आधी शिपाई, मग एका घरचा नोकर आणि स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे हाती येईल ते फोडणारा. पुढं तो पॅरिसच्या कार्मेली मठात गेला. ज्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा, ते स्वयंपाकाचंच काम तिथं वाट्याला आलं. त्यानं ते वर्षानुवर्षं केलं. भांड्यांच्या खणखणाटातही देव आपल्यापाशी तितकाच असतो, जितका वेदीपुढं गुडघे टेकल्यावर असतो, असं तो सांगे. १६९१ साली तो वारला. त्याची पत्रं आणि संभाषणं मात्र लोक अजून वाचतात. भांडी घासताना देवाशी बोलावं, हा उपदेश मी घरात एकदा करून पाहिला. ‘मग आजपासून तुम्हीच बोला,’ असं उत्तर मिळालं.

हे सगळं काहीही न वाचता ज्यांना ठाऊक होतं, त्या आमच्या शेजारच्या मावशी. त्यांचे यजमान बोटीवर कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. गल्लीच्या तोंडाशी क्रूस होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत असे पुष्कळ क्रूस उभे राहिले. तिथं मावशी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावत. ‘इथं सांगितलं की तिथं पोचतं,’ म्हणत. ‘दोन्हीकडं तोच तर आहे. तिकीट लावायला नको.’

एका फेरीवरून काका परत आले नाहीत. कंपनीचं पत्र आलं, तेवढंच. माझी आई मावशींपाशी बसून रडली आणि न राहवून बोलून गेली, ‘तुमचा देव होता तरी कुठं हो तेव्हा?’

मावशी मासळी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘त्यांच्यापाशीच होता, वहिनी. तिथं दुसरं कोण होतं?’

आई गप्प झाली. ती देवासमोर दिवा लावायची ती पत्ता नीट पाहून, सांजवेळी, देव्हाऱ्यातच. पण त्यानंतर वडील रात्रपाळीला निघाले की दाराशी उभी राहून ती काहीतरी पुटपुटायची. कुणाला, ते तिनं कधी सांगितलं नाही.

सत्ता, नजर आणि असणं, या तिन्हींत मावशींचं उत्तर कुठं बसतं, ते पंडितांनी ठरवावं. मला एवढंच कळतं : पत्ता असलेल्या देवाकडे आपण जाऊ शकतो, ही मोठीच सोय आहे. पण आपल्याला जिथं जाता येत नाही, तिथंही कुणीतरी असावं लागतं.