बोगद्यातही न थांबलेला आवाज

दोस्तांनो, मुंबईहून पुण्याला द्रुतगती मार्गानं तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. वाटेत काय काय दिसतं, ते तुम्ही घडाघडा सांगाल! खाडी, डोंगर, पावसाळ्यातले धबधबे... पण वाटेत ऐकू काय येतं, याकडे कधी लक्ष दिलंय?

पुढच्या वेळी एक गंमत करा. गाडीतला एफएम रेडिओ लावून ठेवा. पनवेल मागे पडलं की भाताणचा बोगदा येतो, मग माडपचा. आत शिरलं की छान गाणारा रेडिओ खर्र खर्र करू लागतो. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोक्यावर अख्खा डोंगर असल्यावर त्या आत येणार कशा? पण गाणं मोबाइलमध्ये किंवा खिशातल्या एमपीथ्री प्लेअरमध्ये साठवलेलं असेल, तर ते मात्र मजेत चालू राहतं. ते बाहेरून यायचंच नसतं ना!

मग खिशातलं गाणं गाडीच्या स्पीकरपर्यंत पोचतं कसं? हल्ली ब्लूटूथनं, नाहीतर साध्या वायरनं. काहीजण एक छोटा एफएम ट्रान्समीटर वापरतात. म्हणजे काही मीटरपुरतं इवलंसं रेडिओ केंद्रच! पण त्याला मोकळा आकडा शोधून द्यावा लागतो. मुंबईत मोकळा असलेला आकडा पुण्यात मोकळा असेलच असं नाही. तिथे त्याच आकड्यावर मोठं स्टेशन असलं, तर आपलं चिमुकलं केंद्र गडप!

जुन्या गाड्यांत फक्त कॅसेट वाजायची. त्यांच्यासाठी एक वायर जोडलेली कॅसेट मिळे. तिच्यात टेप नसतेच! टेपच्या जागी असतं एक छोटं हेड. प्लेअरमधून आलेल्या विजेच्या चढउतारांप्रमाणे ते आपलं चुंबकत्व कमीजास्त करतं. समोरचं, गाडीतलं हेड बिचारं त्यालाच टेप समजतं आणि गाऊ लागतं.

या नकली कॅसेटनं आमच्या घरात एक मोठं काम केलं. २००९ साली आम्ही दादाच्या जुन्या गाडीतून पुण्याला निघालो होतो. पुतण्या मागे कानांत इअरफोन घालून बसलेला. शेजारी आई, म्हणजे त्याची आजी. माडपच्या बोगद्यात रेडिओ खरखरला, तसं तिनं त्याला हलवून विचारलं, "काय ऐकतोयस रे एवढं?"

"आजोबांना," तो म्हणाला.

आजोबा रेल्वेत होते. आदल्या वर्षीच ते गेले. त्याआधी यानं त्यांच्या गोष्टी प्लेअरवर टेप करून ठेवल्या होत्या. आम्हाला कुणाला पत्ताच नाही! आईच्या कानात श्रवणयंत्र, त्यामुळे इअरफोन बसेना. शेवटी खालापूरला गाडी थांबवून दादानं ती कॅसेट सरकवली.

घाट चढताना आजोबा गाडीभर बोलत होते. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात आणि ती ढकलत ढकलत गाडी घाटावर नेतात. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा मध्येच इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. ती पद्धत १९२९ पर्यंत चालली. मध्येच त्यांना ठसका लागला, तोही तसाच ऐकू आला. बोगदे आले नि गेले, आवाज तुटला नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. संपल्यावर हळूच म्हणाली, "पुन्हा लाव रे."

मुलांनो, गाडीत गाणं लावायचं काम ड्रायव्हरचं नव्हे हं, शेजारी बसलेल्याचं! घाटात चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. आणि आवाज इतकाच ठेवा, की मागच्या ट्रकचा हॉर्न, ॲम्ब्युलन्सचा भोंगा सहज ऐकू यावा.

सुट्टीत गावी निघण्याआधी आणखी एक करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारून, त्यांना बोलतं करून, त्यांचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा आणि वाटेत सगळ्यांना ऐकवा. अंताक्षरी काय, नंतरही खेळता येईल!