गावाच्या नावातला दुसरा शब्द

वऱ्हाडातल्या अनेक गावांच्या नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द गावाचे मूळ नाव असतो आणि दुसरा त्या नावाच्या इतर गावांपासून ते वेगळे काढतो. नकाशावर, सातबाऱ्यावर आणि एसटीच्या पाटीवर हा दुसरा शब्द कायम दिसत असल्याने त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. स्थलनामांच्या अभ्यासकाला मात्र पुष्कळदा पहिल्या शब्दापेक्षा दुसऱ्याच शब्दातून जास्त माहिती मिळते.

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. अमरावतीच्या उत्तरेकडचे चांदूर बाजार आणि आग्नेयेकडचे चांदूर रेल्वे. मुंबईहून भुसावळमार्गे आलेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. बडनेऱ्याच्या पुढे तो ज्या चांदुरावरून गेला, त्याच्या नावापुढे ‘रेल्वे’ लागले. याच मार्गावरच्या मालखेड आणि धामणगाव यांच्या नावापुढेही तोच शब्द आहे. दुसऱ्या चांदुराची ओळख बाजारावरून झाली. पुढे अमरावती-नरखेड मार्ग झाला आणि चांदूर बाजारलाही स्थानक मिळाले. आता रेल्वे दोन्ही चांदुरांना आहे, तरी नावे होती तशीच राहिली. दुसरा शब्द गावाची आजची स्थिती सांगत नाही. वेगळी ओळख पटवण्याची गरज पडली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत काय भरत होते, ते तो सांगतो.

ही गरज बहुधा गावकऱ्यांची नसते. गावातला आणि शेजारपाजारचा माणूस नुसते ‘चांदूर’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते पुरते. दुसरा शब्द लागतो तो महसुलाच्या कारकुनाला, टपाल वाटणाऱ्याला, तिकीट देणाऱ्याला. म्हणूनच हे शब्द त्या त्या काळच्या कारभाराच्या भाषेत सापडतात. इंग्रजी अमलाने ‘रेल्वे’ दिला, तसे त्याआधीच्या राजवटींनी फारसी-अरबी शब्द दिले. वऱ्हाडात बहमनी, मग 1490 ते 1574 या काळात अचलपूरची इमादशाही, पुढे निजामशाही, मोगल आणि निजाम अशा सत्ता होऊन गेल्या. त्यांच्या दप्तरातले शब्द गावांच्या नावांना चिकटून राहिले.

त्यांतले सर्वांत परिचित दोन म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, मोठा. त्याचेच मराठी वळणाचे रूप बुद्रुक. ‘खुर्द’ म्हणजे लहान. एकाच नावाच्या दोन वस्त्यांतली थोरली बुद्रुक आणि धाकटी खुर्द. कागदोपत्री ‘बु.’ आणि ‘खु.’ एवढीच अक्षरे उरल्याने पूर्ण शब्द अनेकांच्या विस्मरणात गेला आहे. आज एखादे खुर्द गाव बुद्रुकापेक्षा मोठे झालेले दिसते. पण नाव दिले तेव्हाचा थोरले-धाकटेपणा नावात तसाच असतो. ‘कसबा’ हा अरबीतून आलेला शब्द परगण्यातल्या मुख्य वस्तीला लावत. चांदूर रेल्वे तालुक्यातले मांजरखेड कसबा आणि चांदूर बाजार तालुक्यातले शिरजगाव कसबा ही नावे अशीच आहेत. नांदगाव पेठेतली ‘पेठ’ व्यापाराची खूण आहे.

काही नावांत देव, पीर किंवा घराणी आहेत. नांदगाव खंडेश्वर हे नाव तिथल्या खंडेश्वराच्या देवळावरून आले. मंगरूळ दस्तगीर या नावातला ‘दस्तगीर’ म्हणजे फारसीत हात धरणारा, आधार देणारा. अब्दुल कादिर जिलानी या सूफी संताला ही पदवी लावतात. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळला नुसता ‘पीर’ जोडला गेला. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे ही नावे घराण्यांवरून पडली.

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा दुसरा शब्द सर्वांत कोड्यात टाकणारा आहे. शंकरपटासाठी हे गाव वऱ्हाडभर ओळखले जाते, पण ‘दशासर’ हा शब्द एरवी कुठे ऐकू येत नाही. जुन्या नोंदींत गावाचे नाव ‘तळेगाव दशसहस्र’ असे आहे. बोलताना ‘सहस्र’मधला ह गळाला, शेवटचे जोडाक्षर सुटले आणि दशासर झाले. गावात एकेकाळी दहा हजार घरे होती, असे परंपरा सांगते. अभ्यासक इथे जरा थांबतो. मध्ययुगीन शिलालेखांत आणि ताम्रपटांत प्रदेशांच्या नावांपुढे आकडे येतात. ‘पुरी-कोंकण 1400’ आणि ‘करहाटक 4000’ ही त्याची ठळक उदाहरणे. अशा आकड्याचा संबंध घरांशी नसून प्रदेशाच्या विभागणीशी असतो. म्हणून दशसहस्राचा अर्थ लावताना घरांची आख्यायिका आणि कारभारी आकडा, दोन्ही शक्यता समोर ठेवाव्या लागतात.

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधायचे: शिलालेख, महानुभाव ग्रंथ, फारसी कागद, मोडी दप्तर, इंग्रजी गॅझेटियर. मग गावातल्या जुन्या माणसांचा उच्चार टिपायचा, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आलेले रूप फसवे असते. त्यानंतर त्याच नावाची इतर गावे पाहायची आणि शेवटी जागा पाहायची: तळे आहे का, देऊळ आहे का, बाजार कुठे भरे. धामणगावचा अर्थ सांगताना धामण हे झाडही आहे आणि सापही, हे विसरून चालत नाही. चांदूरचा शेवटही दोन वाटांनी येऊ शकतो. प्राकृतात ‘पुर’मधला प गळून ‘उर’ होते, आणि द्राविडी भाषांत ‘ऊर’ म्हणजेच गाव. जुने रूप हाती आल्याशिवाय यांतली एक वाट निवडणे म्हणजे अंदाजाला अर्थ म्हणणे होय.

गावाच्या नावाचा अर्थ विचारला की तिथेच एखादी गोष्ट ऐकायला मिळते. ती टिपून घ्यावी, पण तिच्यासमोर ‘आख्यायिका’ असे लिहावे. आणि ग्रामपंचायतीने नवी पाटी रंगवताना ‘बु.’ ऐवजी ‘बुद्रुक’ असे पूर्ण लिहावे. तेवढ्याने तो शब्द पुढच्या पिढीला वाचता तरी येईल.